भुरी, सोडा आणि मंडळाचा अनंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बाग समितीच्या वतीने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, पानिपत आणि नाट्यसंगीत या विषयांवर विद्वानांची भाषणे होऊन गेल्यानंतर त्याच व्यासपीठावर खाण्याच्या सोड्याविषयी बोलण्यास उभे राहणे हे धाडसाचेच काम आहे. कार्यक्रमपत्रिका हाती पडताच एका स्नेह्यांनी आम्हांस दूरध्वनी करून विचारले, "भाषणानंतर ढोकळ्याचे प्रात्यक्षिकही आहे काय?" तसे काही नाही. विषय स्वयंपाकघरातील डब्यातून निघत असला, तरी तो जाऊन पोहोचतो आपल्या वास्तूभोवतीच्या बागेत. तेथील चाळीस-पंचेचाळीस कुंड्या आणि गुलाबाचे दोन वाफे यांची देखभाल गेली काही वर्षे आम्हा चार-पाच निवृत्त मंडळींकडे आहे. या भाषणात वारंवार 'आम्ही' हा शब्द येईल. तो मोठेपणाचा नव्हे. दोष वाटून घेण्याच्या सोयीचा आहे.

दोष कोणता, ते आधीच सांगून टाकतो. ज्यांनी ही वास्तू उभी राहताना पाहिली, त्यांस प्रवेशद्वाराच्या डाव्या हाताचा अनंत आठवत असेल. आमच्या काकूंनी, म्हणजे पहिल्या पिढीतील ज्या सभासद आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत त्यांनी, पत्र्याच्या डब्यात लावलेले ते वीतभर रोप कोकणातून एस. टी.ने मुंबईस आणि तेथून आगगाडीने दिल्लीस, प्रवासभर मांडीवर सांभाळीत आणले होते. नाटकाच्या तालमी आटोपून रात्री बाहेर पडणाऱ्यांस आधी त्याचा वास येई आणि मग ते झाड दिसे. तो अनंत आज तेथे नाही. तो गेला तो दिल्लीच्या थंडीने नव्हे आणि उन्हाळ्यानेही नव्हे. तो आमच्या उपचारांनी गेला. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या जमाखर्चाबरोबर ही नोंदही व्हावी, म्हणून हे भाषण.

कथेची सुरुवात मात्र अनंतापासून होत नाही, गुलाबापासून होते. दिल्लीत गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात होते, डिसेंबरात पहिला बहर येतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरा. हाच काळ भुरीचाही. भुरी म्हणजे काय, हे नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारास सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगतो. दिवस उबदार, रात्री गार आणि हवा बंदिस्त असली की कोवळ्या पानांवर, कळ्यांच्या देठांवर कोणी तांदळाचे पीठ भुरभुरवावे तसा पांढरा थर दिसू लागतो. पाने वळतात, पन्हाळीसारखी होतात, कळ्या अर्धवट उमलून थांबतात. ही एक प्रकारची बुरशी आहे, आणि बुरश्यांच्या गोतावळ्यात तिची रीत काहीशी निराळी आहे. बहुतेक बुरश्यांच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थर लागतो. भुरीस हवेतील दमटपणाच पुरतो. उलट पान पाण्याने भिजलेले राहिले तर तिच्या बीजाणूंचे रुजणे बिघडते. दुसरे असे की, तांबेरा किंवा करपा जसा पानाच्या आत शिरून घर करतो, तशी ही शिरत नाही. तिचा संसार पानाच्या पाठीवर, उघड्यावर. फक्त अन्न ओढून घेणारी बारीक शोषकांगे तेवढी ती त्वचेच्या पेशींत खुपसते. भाडेकरूने अंगणात राहावे पण हात मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवावा, तसा हा प्रकार. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी, कारण सोड्याचा सारा उपयोग आणि त्या उपयोगाची मर्यादा याच एका गोष्टीतून निघते. जो रोग पानाच्या वर राहतो, त्याला वरून हटकता येते.

वरून हटकण्याची युक्ती माळ्यांचीच आहे. १८४५ मध्ये इंग्लंडात मार्गेटजवळ एडवर्ड टकर नावाच्या माळ्याच्या दृष्टीस द्राक्षवेलीवरील हा पांढरा रोग पडला. त्या बुरशीस पुढे त्याचेच नाव मिळाले. त्याने गंधक आणि चुना यांचे पाणी मारून पाहिले. गंधकाची ती परंपरा आजही द्राक्षबागांत चालू आहे. गंधकाचा दोष एवढाच की कडक उन्हाळ्यात ते पाने भाजते, आणि मंडळाच्या अंगणात बालवर्गाची मुले खेळत असताना ते उधळावयास आमचे मन धजेना.

म्हणून आम्ही सोड्याकडे वळलो. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. हा काही आजीबाईच्या बटव्यातील निव्वळ ऐकीव उपाय नव्हे. जपानात होम्मा, आरिमोतो आणि मिसातो या संशोधकांनी काकडीवरील भुरीवर त्याचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केनेथ हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुलाबावर प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये छापून आले. सुमारे अर्धा टक्का सोडा आणि एक टक्का हलके फवारणी-तेल यांचे मिश्रण भुरीस आवर घालते, काळ्या ठिपक्यांवरही काही गुण येतो, आणि तेलावाचून नुसता सोडा तितका काम करीत नाही, असा त्यांचा मथितार्थ. तेलाने द्रावण पानास चिकटून राहते, आणि तेल स्वतःही बुरशीचा श्वास कोंडते. सोड्याच्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास असतो; इतक्या क्षारयुक्त पृष्ठावर भुरीच्या बीजाणूंस रुजणे जड जाते आणि तिचे धागे सुरकुततात. मात्र जे पान आधीच पांढरेफटक झाले आहे, ते त्याने पुन्हा हिरवे होत नाही. सोडा हा पहारेकरी आहे, वैद्य नव्हे.

त्या फाल्गुनात आम्ही गुलाबांवर दर आठवड्यास एक अशा चार फवारण्या केल्या. गुण आला. नवी पालवी स्वच्छ निघाली, आणि मार्चच्या अखेरीस वाफ्यांत जो बहर आला, त्याची छायाचित्रे त्या वर्षीच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आहेत. गव्हाच्या वाणांवर आयुष्य वेचता वेचता गुलाबाचेही अनेक नवे वाण निर्माण करणारे, आणि १९६६ मध्ये 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ लिहिणारे डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे याच शहरातील पुसा संस्थेचे. त्यांच्या गावात आपलेही गुलाब मान वर करून उभे राहिले, याचा आम्हांस जो अभिमान वाटला, तोच पुढे नडला.

स्वस्त उपाय एकदा लागू पडला की माणसाची श्रद्धा बसते, आणि श्रद्धा बसली की हात सैल सुटतो. पाच-दहा रुपयांच्या पुडीत सारा बगीचा सांभाळला जातो, ही कल्पनाच मोहक आहे. कोणी सांगितले, टोमॅटोच्या बुंध्याशी सोडा टाकला की फळे गोड होतात, टाकला. कोणी सांगितले, पिठीसाखरेत सोडा कालवून ठेवला की मुंग्या जातात, ठेवला. मुंग्यांनी साखर नेली आणि सोडा आमच्यासाठी ठेवला. टोमॅटो जितका गोड होता तितकाच राहिला, कारण फळाची गोडी ठरते ती वाणावर, उन्हावर आणि पाण्यावर. एका सभासदांनी सोड्यात शिरका मिसळून मोठ्या उत्साहाने फवारा मारला. फेस पुष्कळ आला. पण आम्ल आणि क्षार यांनी परस्परांस मारले की मागे पाणी, उडून जाणारा वायू आणि एक निरुपद्रवी लवण एवढेच उरते. भुरीच्या दृष्टीने तो फवारा जवळजवळ साध्या पाण्याचाच. दुसऱ्या एकांनी सोडा लवकर विरघळावा म्हणून तो उकळत्या पाण्यात घातला. तापविलेला सोडा आपला वायू गमावून धुण्याच्या सोड्याकडे झुकतो, आणि धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू अकराच्या घरात जातो. झिनियाचा एक वाफा त्या दिवशी भाजून निघाला. हे सारे प्रकार हसण्यावारी नेता आले असते.

अनंताचे तसे झाले नाही. त्याच्या पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर आला होता. विदर्भातील संत्राबागायतदार त्यास कोळशी म्हणतात. कोळशी ही मूळ रोग नव्हे. पांढरी माशी, पिठ्या ढेकूण असले रसशोषक किडे जो गोड चिकटा पानांवर सोडतात, त्यावर ती वाढते. किडे घालविले की ती जाते. आम्ही ते पाहिले नाही. बुरशी दिसली, सोडा मारला. पंधरवड्याने पाने पिवळी पडू लागली. पण शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी. हे चिन्ह ओळखीचे असावयास हवे होते. अनंत हे आम्लधर्मी मातीतील झाड. कोकणातील तांबड्या मातीत ते सुखाने वाढते. दिल्लीची माती मुळात क्षारकडे झुकलेली, आणि आपल्या वसाहतीच्या कूपनलिकेचे पाणी असे जड की कुंड्यांच्या कडांवर पांढरी पुटे चढतात. अशा मातीत लोह असते, पण ते कुलपात असते. मुळांस ते घेता येत नाही. इतकी वर्षे ते झाड तगले, ते काकूंनी दर पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी साठवून त्यास घातले म्हणून. काकूंचे येणे वयोमानाने कमी झाले, आणि ती गच्चीवरची पिंपे आमच्यापैकीच कोणी तरी अडगळ म्हणून काढून टाकली.

पिवळी पाने पाहून आम्ही काय करावे? मातीतच रोग असेल, अशा समजुतीने दर आठवड्यास एक लिटर पाण्यात चमचाभर सोडा घालून ते पाणी सरळ कुंडीत ओतू लागलो. 'मृत्तिकाशुद्धी' असे त्यास आमच्यापैकी एकाने भारदस्त नावही दिले होते. तीन महिने हे चालले. हिशेब सोपा आहे, आणि तो आधी मांडला असता तर बरे झाले असते. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे सुमारे पाच ग्रॅम सोडा. तेरा आठवड्यांत पासष्ट ग्रॅम. सोड्याच्या वजनात सत्तावीस टक्क्यांवर सोडियम असते. म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम सोडियम आम्ही एका कुंडीत घातले. ते बाहेर कोठून जाणार? बायकार्बोनेट मोडते, विरते. सोडियम तेथेच राहते. ज्येष्ठाअखेर उरल्यासुरल्या कळ्या न उमलताच गळल्या, आणि श्रावणात झाड वाळले.

मृदाशास्त्रात आयुष्य घालविलेले आपले एक सभासद त्या सुमारास बाहेरगावाहून परतले. त्यांनी आम्हांस काही सुनावले नाही. कुंडीतील वाळलेल्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा आणि शेजारच्या जास्वंदीच्या कुंडीतील तसाच एक खडा त्यांनी मागविला, काचेच्या दोन पेल्यांत पावसाचे पाणी घेतले आणि न ढवळता एकेक खडा अलगद सोडला. जास्वंदीचा खडा हळूहळू ढासळला, पण वरचे पाणी नितळ राहिले. अनंताच्या खड्याभोवती काही वेळातच दुधासारखे वलय उठले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तो पेला गढूळच होता. "चिकणमातीचे कण एकमेकांस धरून होते ते चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या जोरावर," ते म्हणाले. "त्या जागी तुम्ही सोडियम आणून बसविले. आता कणाला कण धरीत नाही. ते सुटतात आणि छिद्रे बुजवितात. पाणी आत जात नाही, हवा जात नाही. तुम्ही कुंडीत चोपण जमीन तयार केलीत."

चोपण हा शब्द ऐकताच आमच्यातील जे बारामती-फलटण भागातील आहेत, ते गप्प झाले. कालव्याच्या पाण्यावर अतोनात ऊस घेतल्याने, निचरा न राखल्याने पांढऱ्या पडलेल्या जमिनी त्यांनी लहानपणी पाहिल्या आहेत. पावसात त्यांवर पाणी साचून राहते आणि उन्हात त्या दगड होतात. उत्तर हिंदुस्थानात या जमिनीस ऊसर म्हणतात, आणि तीवर फुटणाऱ्या पांढऱ्या क्षारास रेह. ही रेह गोळा करून पूर्वी परीट कपडे धूत असत. म्हणजे जी वस्तू परटाचा व्यवसाय चालवी, तीच शेतकऱ्याचा बुडवी. आपल्या देशात क्षारांनी बाधलेली जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर मानली जाते, आणि तीपैकी ३८ लाख हेक्टरांच्या आसपास ही सोडियमने बिघडलेली. तिच्या सुधारणेसाठी १९६९ मध्ये येथून जवळच कर्नाल येथे मृदा-लवणतेची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. जिप्सम मातीत मिसळून, भरपूर गोडे पाणी देऊन सोडियम खाली धुऊन काढावयाचे, ही रीत त्या संस्थेने खेडोपाडी पोहोचविली. जिप्सममधील कॅल्शियम आपली जागा परत घेते आणि सोडियम पाण्याबरोबर निघून जाते. ज्या वस्तूचा उतारा शोधण्यासाठी सरकारने एक संस्था काढली, ती वस्तू आम्ही चमच्याने मोजून घातली. आणि ज्यांस महाराष्ट्रातीलच दाखला हवा असेल, त्यांनी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आठवावे. त्याच्या पाण्यातून पूर्वी याच कुळीचा क्षार काढीत असत. त्या पाण्यावर कोणी मोगरा फुलविल्याचे ऐकिवात नाही.

त्या गृहस्थांशी झालेल्या बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली. आम्हांस ती सर्वांत मोलाची वाटली, म्हणून तीवर थोडे थांबतो. आपल्या आज्या भोपळ्याच्या, दोडक्याच्या वेलांवर चुलीतील राख भुरभुरवीत. हाताने, सकाळी, दव असताना. राख हीही क्षारच. मग राखेने वेल का मरत नसत? कारण लाकडाच्या राखेतील विद्राव्य क्षार मुख्यतः पोटॅशचा. झाडास पोटॅशियम हवे असते, ते त्याचे अन्न आहे. सोडियम बहुतेक झाडांस नको असते. औषधाचा गुण बायकार्बोनेटात आहे आणि अपाय सोडियममध्ये. दोघे एका पुडीत बांधलेले आहेत एवढेच. म्हणून जेथे शास्त्रीय पद्धतीने ही फवारणी होते, तेथे सोडियमऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट वापरण्याकडे कल आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून बुरशीनाशक म्हणून त्यास रीतसर मान्यता आहे. मोठ्या शहरांतील रसायनांच्या दुकानांत ते मागून घेता येते. सोड्याहून महाग पडते. पण कुंड्या चाळीसच असल्या, तर हंगामाचा खर्च एका नाटकाच्या दोन तिकिटांपलीकडे जाऊ नये. राखेचा मात्र अतिरेक करू नये, कारण तिचा क्षार सोड्याहून तीव्र असतो आणि दिल्लीच्या मातीस आणखी क्षार नकोच आहे. शिवाय आता चूलही राहिली नाही. जी राख मिळते तीत लाकूड किती आणि प्लॅस्टिक किती, हे सांगता येत नाही.

तर मग सोडा टाकूनच द्यावा काय? आम्ही तो टाकलेला नाही. त्याची जागा मात्र ठरवून दिली आहे. जानेवारीपासून गुलाबांवर आधी साधे पाणी मारतो. सकाळी लवकर, पानांच्या दोन्ही अंगांस, अशा बेताने की दुपारपर्यंत पान कोरडे व्हावे. भुरीस पाणी मानवत नाही, हे वर सांगितलेच; हा फुकटचा उपाय पुष्कळदा पुरतो. आतील दाटी कमी करून हवा खेळती ठेवतो, आणि नत्राचा मारा आवरतो, कारण युरियाने फोफावलेली कोवळी पालवी हीच भुरीची पंगत. तरीही पांढरे डाग दिसले, तर ती पाने खुडून कचऱ्यात टाकतो. मग एक लिटर साध्या, थंड पाण्यात सपाट चमचाभर सोडा, दोन चमचे निंबोळी तेल आणि तेल पाण्यात मिसळावे म्हणून सौम्य द्रव साबणाचे चार-पाच थेंब. कपडे धुण्याची भुकटी घालू नये. तीतही धुण्याचा सोडाच असतो. केक फुगविण्याची बेकिंग पावडरही नव्हे; तीत आम्ल आणि पिष्ट असते. फवारा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आदल्या दिवशी झाडास पाणी दिलेले असावे. तहानलेल्या झाडावर फवारू नये. प्रथम एका फांदीवर मारून दोन दिवस वाट पाहावी. पानांच्या कडा करपल्या, तर तो नाद सोडावा. गंधक मारले असेल, तर पंधरा दिवस तेलाचा फवारा मुळीच नको. दोन्ही मिळून पान जाळतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फवारताना कुंडीतील मातीवर जुने वर्तमानपत्र अंथरावे, म्हणजे ओघळ मातीत न उतरता कागदावर राहतो. आमच्या समितीत या कागदाला आता 'सोवळे' म्हणतात. हंगामात अशा चार फवारण्यांहून अधिक नाहीत. चारांत गुण आला नाही, तर पाचवीने येत नाही.

ज्यांस घरात तेलही नको, त्यांनी दूध आणून पाहावे. ब्राझीलमधील वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये भोपळ्याच्या कुळातील झुकिनीवर गाईच्या दुधाचे पाणी मारून भुरी आटोक्यात आल्याचे दाखविले. दहात एक किंवा त्याहून अधिक दूध. उन्हात मारावे लागते आणि मागाहून थोडा वास येतो. आमच्यापैकी दोघींनी ताकाचे पाणी काकडीवर वापरले आहे आणि त्या समाधानी आहेत. त्यापलीकडे आम्ही काही म्हणत नाही.

नेचे, आर्किड, अझेलिया आणि अनंत यांच्याजवळ सोड्याचा चमचा नेऊ नये. ज्यांच्या हातून कुंडीत सोडा पडलाच असेल, त्यांच्यासाठी उतारा असा. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे करावे, वरच्या थरात दोन मुठी जिप्सम मिसळावे आणि पावसाचे पाणी इतके द्यावे की ते खालून पुष्कळ वेळ वाहत राहील. असे तीन-चार वेळा. माती फारच बिघडली असेल, तर झाड उपटून नव्या मातीत लावणे हेच कमी कष्टाचे. हे आम्हांस अनंत वाळल्यानंतर कळले. त्याच्या पिवळ्या पानांसाठीही माती क्षारमुक्त ठेवणे आणि चिलेट स्वरूपातील लोह देणे, एवढेच करावयाचे होते. नुसते हिराकस असल्या मातीत टाकले, तर चार दिवसांत तेही कुलपात जाते.

काकूंस हे सांगावयास आम्ही तिघे गेलो होतो. कोणी बोलावे यावरून जिन्यातच थोडी कुजबुज झाली. त्यांनी सारे ऐकून घेतले, सोड्याचा हिशेबही ऐकला, आणि विचारले, "पाणी कुठलं घालत होता?" आम्ही सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पिंपं काढलीत तेव्हाच मला सांगायचं होतंत." सोड्याविषयी त्यांनी एक अक्षर काढले नाही. आजवर आम्ही सोड्यास दोष देत आलो होतो. त्या दिवशी लक्षात आले की सोडा शेवटी आला. झाडाचे पाणी त्याच्या आधीच तोडले गेले होते.

पुढे त्यांनीच सांगितले की पूर्वीच्या एका पावसाळ्यात त्यांनी त्या अनंताच्या चार फांद्या कलमासाठी कापून वाटल्या होत्या. दोन लागल्या नाहीत. एक नोकरीच्या बदलीबरोबर भोपाळला गेली. चौथी येथेच, यमुनेपलीकडे, एका सभासदांच्या गच्चीवर आहे, आणि गेल्या आषाढात आम्ही तिच्यावरून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पाच फांद्या आणल्या. वाळू आणि पानांचे कुजलेले खत यांत त्या खोचल्या, वर काचेची बरणी पालथी घातली. पैकी दोन जगल्या. एक काकूंच्या खिडकीत आहे.

दुसरी प्रवेशद्वाराच्या डाव्या हातास, जुन्याच जागी, नव्या कुंडीत आहे. तिची माती आम्ही पानांचे खत, शेणखत आणि थोडी वाळू यांनी हलकी केलेली आहे. गच्चीवर दोन पिंपे पुन्हा बसविली आहेत. त्यांवर झाकणे आहेत, ती डासांसाठी उघडी टाकू नयेत. पाणी घालण्याची पाळी सभासदांत वाटून दिली असून तिची यादी कार्यालयाच्या दारावर लावली आहे. शनिवारचे नाव अद्याप रिकामे आहे. ज्यांस ते घ्यावयाचे असेल, त्यांनी जाता जाता तेथे सही करावी.